जनगणनेचं टेबल आणि अडलेली परवानगी: कसबा पेठेतला माझा अनुभव

चौकात टेबल मांडायला परवानगी लागते, हे मला मान्य आहे. पण ती कोणत्या रकान्यात बसवायची हेच परवानगी देणाऱ्या कार्यालयाला ठरवता येऊ नये, हे मला अजून पचलेलं नाही. आमच्या भागातलं घरयादीचं, म्हणजे घरं आणि त्यांतल्या सोयी नोंदवायच्या जनगणनेच्या पहिल्या टप्प्याचं काम होऊन गेलं, तरी त्या खिडकीचा विषय निघाला की माझा आवाज चढतो. सगळं लिहून काढते आहे ते एवढ्यासाठी, की फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांची प्रत्यक्ष मोजणी आहे. तेव्हा कुणाला आपल्या पेठेत असं काही करावंसं वाटलं तर निदान त्याची दमछाक कमी व्हावी.

आम्ही काही शेजारी मिळून हिवाळ्यात पुण्याच्या कसब्यात वारसा फेरी काढतो. कसबा गणपतीपासून निघायचं, तांबट आळीतून पुढे जायचं, नागझरी ओढ्याकाठच्या त्रिशुंड गणपतीपाशी थांबायचं आणि परत येऊन शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर सांगता करायची. या वर्षी फेरी उन्हाळ्यात, सकाळी सातला काढायची आणि तिला जनगणनेची जोड द्यायची असं ठरलं. २०११ नंतर आपल्याकडे गणनाच झालेली नाही. २०२१ ची कोरोनामुळे लांबली ती लांबलीच. मधल्या काळात २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं महापालिकेत आली, पण शहराच्या लोकसंख्येचा गणनेतला आकडा अजून ३१ लाख २४ हजारांचाच आहे. त्यातच यंदाची गणना मोबाइलवर. घरयादीच्या आधी पंधरा दिवस स्वतःची माहिती स्वतः भरायची सोय होती. पेठेतल्या वाड्यांमध्ये आता बहुतेक घरी वयस्कर माणसंच उरली आहेत. त्यांना हे कोण समजावणार? म्हणून फेरी जिथून निघते त्या चौकात एक टेबल, दोन फलक, जुन्या वाड्यांचे फोटो आणि मदतीला चार तरुण मुलं, एवढा बेत होता.

पोलिसांचं ना हरकत, माइकचा परवाना हे सगळं सुरळीत झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

अडलं ते टेबलावर. अर्जात कार्यक्रमाचा प्रकार लिहायचा होता. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "धार्मिक, सांस्कृतिक, राजकीय की व्यावसायिक?" मी म्हटलं, "जनजागृती." ते म्हणाले, "तसा रकाना नाही, मॅडम." बरं, सांस्कृतिक लिहा म्हटलं, तर त्यांचं बोट फलकाच्या मजकुरावर गेलं. "मग यात जनगणना कशी आली? तो सरकारी विषय झाला. त्या खात्याचं पत्र जोडा."

पत्र आणायला गेले. जनगणनेचं काम पाहणाऱ्या कार्यालयात माणसं खरंच कामात बुडालेली होती. प्रगणकांचं, म्हणजे घरोघरी जाऊन माहिती घेणाऱ्यांचं प्रशिक्षण चालू होतं, कुणाचं ॲप उघडत नव्हतं, कुणाचा गट बदलून हवा होता. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि सांगितलं, "उपक्रम चांगला आहे, पण खाजगी कार्यक्रमाला आम्ही पत्र देत नाही. आधी तुमची परवानगी होऊ द्या, मग एखादा प्रगणक पाठवू." म्हणजे इकडे पत्राशिवाय परवानगी नाही आणि तिकडे परवानगीशिवाय पत्र नाही. शासनाचंच काम, शासनाच्याच वतीनं, फुकट करायला निघालेल्या माणसानं दोन कार्यालयांच्या मध्ये लोंबकळत राहायचं, याचा मला भयंकर राग आला आणि तो मी लपवलाही नाही.

पुन्हा खिडकीवर गेले तर नवीनच फाटा फुटला होता. अर्जासोबत साहित्याची यादी जोडली होती. टेबल, खुर्च्या, फोटो, आणि त्याखाली "तांब्याची भांडी". तेवढ्या दोन शब्दांवर गाडी घसरली. भांडी आहेत म्हणजे विक्री आहे, विक्री आहे म्हणजे प्रकार व्यावसायिक, आणि व्यावसायिक म्हटलं की अनामत रक्कम आणि जागेचं भाडं. मी सांगत होते की आळीतले एक कारागीर मठारकाम, म्हणजे भांड्यावर हातोडीनं ठोके उमटवायचं काम करून दाखवणार आहेत. एक घंगाळ, एक तपेली आणि हातोड्या घेऊन बसतील, विकणार काही नाहीत. साहेबांना दाखवायला मी मोबाइलवर त्यांचा व्हिडिओही नेला होता. तांब्याच्या पत्र्यावर ओळीनं पडत जाणारे ठोके, प्रत्येक ठोक्याला उमटणारा चकाकता गोल. पेशवाईपासून या आळीत हे काम चालतं. साहेबांनी पाहिलं, चांगलं आहे म्हणाले, आणि यादीतून भांडी काढून नवीन अर्ज करायला सांगितलं.

भांडी मी काढली नाहीत. तांबट आळीत खाली कारखाना आणि वर किंवा मागे बिऱ्हाड अशी घरं आहेत, आणि तिथल्या लोकांचा जनगणनेबद्दलचा पहिला प्रश्न हाच असतो की आमचं घर लिहायचं की कारखाना. याचं उत्तर घरयादीच्या प्रश्नांतच आहे. त्या जागेचा वापर कशासाठी होतो ते विचारलं जातं, आणि राहणं व धंदा एकाच जागेत असेल तर तसं नोंदवायची सोय असते. हे कागदावर कितीही समजावा, लक्षात राहत नाही. कारागीर स्वतः हातोडी खाली ठेवून सांगतो तेव्हा आळी ऐकते. साहेबांना ते दोन शब्द नको होते आणि माझा सगळा कार्यक्रम त्या दोन शब्दांवर उभा होता.

यानंतर फाइल "वर" गेली. वर म्हणजे कुठे, ते कुणी सांगेना. कधी संबंधित माणूस रजेवर, कधी बैठकीला, कधी "उद्या सकाळी या". एक गोष्ट मात्र मी पहिल्या दिवसापासून केली होती आणि तुम्हीही करा. प्रत्येक कागदाच्या आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्यायची. मधेच मला "असा अर्ज आलेलाच नाही" असं सांगण्यात आलं, तेव्हा मी शिक्क्याची प्रत काढून टेबलावर ठेवली आणि फाइल लगेच सापडली. दुसरं म्हणजे फलकाचा अर्ज आणि टेबलाचा अर्ज वेगवेगळे करा. मी वेगळे केले होते म्हणून फलकांची परवानगी आधी मोकळी झाली. एकत्र असते तर तेही अडकले असते.

टेबलाची परवानगी फेरीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत आली नाही. चौकाला लागूनच एक वाडा आहे. तिथल्या मालकीणबाईंना आम्ही सगळे मावशी म्हणतो. त्या दारात उभ्या होत्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "अगं, अंगणात मांड की टेबल. माझ्या अंगणात बसायला कुणाला विचारायचंय?" त्या क्षणी इतकं हलकं वाटलं! रात्रीच मुलांनी फोटो लावले, चौकातल्या फलकाखाली बाण काढला, आणि सकाळी सातला अंगण भरलं.

चौकात जे समजावून सांगावं लागलं असतं ते अंगणात डोळ्यांसमोरच होतं. जनगणनेच्या भाषेत घर म्हणजे अख्खी इमारत नव्हे. रस्त्यावरून, सामाईक अंगणातून किंवा जिन्यावरून ज्या भागाला स्वतंत्र दार आहे आणि जो स्वतंत्रपणे वापरला जातो, तो भाग म्हणजे एक घर. मग त्याला कुलूप लागलेलं असलं तरी ते मोजलं जातं. आणि कुटुंब ठरतं ते स्वयंपाकघरावरून. एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. मुलांनी लोकांना अंगणात उभं करून दारं मोजायला लावली. माडीवर दोन भाऊ शेजारी-शेजारी राहतात, आडनाव एक, जिना एक, पण स्वयंपाक वेगळा. "म्हणजे आम्ही दोन कुटुंबं?" धाकट्यानं विचारलं. हो, दोन. थोरल्या वहिनी म्हणाल्या, "सणाला एकत्रच जेवतो की!" सणाचं धरत नाहीत, रोजचं धरतात, हे सांगितल्यावर दोघांचं समाधान झालं.

वाड्यांतली खरी भीती मात्र वेगळी निघाली. एक काका मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "भाडेकरू म्हणून लिहिलं तर उद्या कोर्टात दाखवतील का?" पेठेत मालक-भाडेकरूंचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात, त्यामुळे हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९४८ च्या जनगणना कायद्यात याची स्पष्ट तरतूद आहे. तुम्ही दिलेली माहिती गोपनीय असते, आणि गणनेतली नोंद दिवाणी किंवा फौजदारी दाव्यात पुरावा म्हणून चालत नाही. तुम्ही असं टेबल मांडणार असाल तर हे वाक्य सगळ्यांत मोठ्या अक्षरात लिहा. आमच्या फलकावर ते तळाला, बारीक होतं. दुपारपर्यंत मुलांनी पुठ्ठ्यावर मोठं लिहून दारावर टांगलं आणि मग मोकळेपणानं बोलणं सुरू झालं.

पाण्याच्या प्रश्नावरून तर वारसा फेरी आपोआपच सुरू झाली. घरयादीच्या ३३ प्रश्नांत पिण्याचं पाणी कुठून येतं, हाही आहे. मावशींच्या अंगणात आड आहे, आता जाळी टाकून झाकलेला. तिथे उभं राहून मी नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून भुयारी नळानं शहरात आणलेल्या पाण्याची, पेठापेठांतल्या हौदांची गोष्ट सांगितली. पेशवाईतही घरांची मोजदाद व्हायची, तिला खानेसुमारी म्हणायचे. म्हणजे दारात येऊन कुणी घर मोजणं हे या पेठांना नवं नाही.

आणि मग एक आजोबा बोलले, ज्यांच्यासाठी मी हा सगळा खटाटोप पुन्हा करीन. १९६१ ची गणना त्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला पुरी झाली आणि १२ जुलैला पानशेत धरण फुटलं. आजोबा तेव्हा शाळेत होते. "आमचं घर मोजून गेले होते," ते म्हणाले, "नंतर तिथे नुसता गाळ होता." नदीकाठच्या पेठांतली कित्येक घरं त्या गणनेत आहेत आणि जमिनीवर नाहीत. तिथे कोण कोण राहत होतं याची मोजदाद झाली, ती पुराच्या चारच महिने आधी. अंगणात कुणी काही बोललं नाही. त्यानंतर मदतीच्या टेबलापाशी रांग लागली. गणना कशासाठी करायची, हे माझ्या फलकांपेक्षा त्या दोन वाक्यांनी जास्त समजावलं, असं मला मनापासून वाटतं. आज पुण्यात वाडे पुरानं नाही, पुनर्विकासानं जात आहेत. भिंत मातीची की विटांची, छप्पर कौलाचं की पत्र्याचं, खोल्या किती, हे आत्ता नोंदलं नाही तर पुढच्या वेळी नोंदायला वाडाच नसेल.

आणखी काही आठवतं तसं. ऑनलाइन भरताना नकाशावर आपलं घर दाखवावं लागतं, आणि पेठेच्या बोळांत ते बोट हमखास शेजारच्या छपरावर पडतं. नकाशा पूर्ण मोठा करा, वाड्याचं अंगण शोधा, मग आपला कोपरा. माहिती भरल्यावर मिळणारा क्रमांक कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, कारण प्रगणक येतात तेव्हा घरी नेमक्या आजीच असतात. मदत करणाऱ्या मुलांना बजावून ठेवा की फोन ज्याचा त्याच्याच हातात राहिला पाहिजे, ओटीपी विचारायचा नाही. गणनेला कागदपत्रं लागत नाहीत. आधार किंवा बँकेचं पुस्तक मागणारा माणूस प्रगणक नव्हे, हे आजी-आजोबांना दोनदा सांगा. आणि घरात मुख्य धान्य कोणतं खाल्लं जातं, या प्रश्नाला वेळ राखून ठेवा. आमच्याकडे ज्वारी की गहू यावर एका घरात बराच वेळ वाद चालला होता.

टेबलाची परवानगी पुढे केव्हा आली की आलीच नाही, याची चौकशी मी केली नाही. त्याऐवजी त्या कार्यालयाला एक पत्र दिलं आहे, अर्थातच आवकच्या शिक्क्यासह. अर्जात "जनजागृती" असा स्वतंत्र रकाना ठेवा, आणि शासनाच्याच मोहिमेसाठी नागरिक पुढे येत असतील तर पत्राची देवाणघेवाण दोन कार्यालयांनी आपसांत करा, एवढंच त्यात मागितलं आहे. उत्तर आलेलं नाही, पण मी पाठपुरावा सोडणार नाही.

फेब्रुवारीच्या फेरीचा अर्ज नोव्हेंबरमधल्या वारसा सप्ताहातच टाकणार आहे. तेव्हा जातीचाही प्रश्न असेल. १९३१ नंतर पहिल्यांदाच सगळ्यांची जात नोंदली जाणार आहे, आणि त्यावर लोकांच्या मनात बरंच काही आहे. म्हणून ती फेरी कसब्याऐवजी गंज पेठेतल्या फुलेवाड्यापासून काढायचं ठरतं आहे. मावशींनी त्या बाजूला राहणाऱ्या आपल्या नणंदेशी बोलून एक अंगण आधीच धरून ठेवलं आहे, आणि तांबट आळीतले कारागीर घंगाळ घेऊन तिकडेही यायला तयार आहेत.