आजोबांचा कागद, आजीची खदान

आजोबांचा फौजेतला रेकॉर्ड मिळवायचाच, असं बाबांनी पंचाहत्तरीला मनावर घेतलं. घरात होतं काय, तर पत्र्याच्या ट्रंकेतलं एक डिस्चार्ज पुस्तक, कडा वाळवीनं खाल्लेल्या. महार रेजिमेंट, नंबर, भरती १९४२. बल्लारपूरच्या कोळशाच्या खदानीतून उठून माणूस फौजेत गेला आणि लढाई संपल्यावर परत त्याच खदानीत उतरला, एवढंच ठाऊक.

पहिली फेरी फुकट गेली. चेंबूरहून लोकल पकडून काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात गेलो. गावाचं नाव ऐकून तिथल्या बाई म्हणाल्या, "अहो, ते तेव्हा मध्य प्रांतात. इथे मुंबई इलाख्याचं दप्तर." विदर्भ १९५६ला मुंबई राज्यात आला हे शाळेत घोकलं होतं, पण कागद काही माणसांबरोबर इकडे येत नाहीत!

रेजिमेंट उभी राहिली १९४१च्या ऑक्टोबरात, बेळगावात. आता केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे, म्हणून तिकडे स्पीड पोस्टानं अर्ज पाठवला. सोबत नातं सिद्ध करणारे कागद जोडायचे होते आणि त्यासाठी मुंबईतल्या एका कार्यालयात चार खेपा झाल्या. पुस्तकात जिल्हा 'चांदा', बाबांच्या आधारवर 'चंद्रपूर'.

"चांदा नावाचा जिल्हा महाराष्ट्रात नाही."

"साहेब, साठच्या दशकात नाव बदललं."

"मग तसं लेखी आणा."

शेवटी बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला कामी आला. त्यावर ठळक 'जि. चांदा' होतं. असा जुना दाखला घरात असेल तर पहिल्याच दिवशी न्या, चपला वाचतील.

उत्तराची वाट बघताना बाबा आजीबद्दल बोलायला लागले. आजोबा फौजेत असताना आजी खदानीत खाली उतरायची, टोपलीनं टब भरायची. मला खरंच वाटेना, कारण बायकांना जमिनीखाली कामाला बंदी होती. मग वाचलं. युद्धात कोळसा कमी पडला म्हणून सरकारनं १९४३मध्ये बंदी उठवली. तेव्हा मजूर खातं होतं बाबासाहेबांकडे. १९४४मध्ये कायदेमंडळात त्यांनी हा आणीबाणीचा उपाय आहे असं सांगितलं, आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी हे तत्त्वही तिथेच मांडलं. आमच्या भिंतीवर त्यांचा फोटो जन्मापासून पाहतोय, पण त्यांचा आणि आजीच्या टोपलीचा असा संबंध असेल हे कधी सुचलं नव्हतं. मजुरी खरोखर बरोबरीची मिळायची का, ते आजीलाच विचारायला हवं होतं.

१९४६च्या फेब्रुवारीत बंदी परत आली, आजी वर आली. खदानीतला प्रॉव्हिडंट फंड सुरू झाला १९४८ला. म्हणजे फंडाच्या वहीतही ती नाही. चेंबूरच्या घरात मात्र शेवटपर्यंत दारातून आत येताना मान वाकवायची. दार चांगलं साडेसहा फुटी. आम्ही पोरं हसायचो.

सागरहून पाच महिन्यांनी एक पान आलं. नंबर जुळला, तारखा जुळल्या. जवळच्या नातलगाच्या रकान्यात आजीचं नाव, पुढे 'बल्लारपूर, जि. चांदा'. बाबांनी चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली.

"खदानीत नाही सापडली," ते म्हणाले, "फौजेत सापडली." आणि मला तीन झेरॉक्स काढायला पिटाळलं.