अलास्काची क्रूझ आणि १७५ डॉलरचं ‘फुकट’ क्रेडिट

सिएटलहून निघालेल्या सात रात्रींच्या सफरीचा शेवटचा दिवस. संध्याकाळचे पावणेसहा झालेले, जहाजावरचं दुकान सहाला बंद होणार, आणि आम्ही दोघं ६३ डॉलर कशात घालवायचे हे शोधत कपाटांमधून फिरत होतो. घ्यायचं काहीच नव्हतं. शेवटी नवऱ्यानं जहाजाचं नाव शिवलेलं ५८ डॉलरचं जॅकेट उचललं. एम साइज संपला होता, म्हणून एल. मी आठ डॉलरचं फ्रिज मॅग्नेट घेतलं. झाले ६६. म्हणजे फुकटचे पैसे संपवायला पदरचे तीन डॉलर घातले! आमच्या मागे चांगली दहा-बारा जणांची रांग होती आणि खरेदीचा आनंद त्यांच्यापैकी एकाच्याही चेहऱ्यावर दिसत नव्हता.

ही वेळ का आली ते सांगते, कारण क्रूझ कंपन्यांची क्रेडिट्स (म्हणजे कंपनीनं किंवा एजंटनं जहाजावर खर्चायला दिलेले पैसे) आणि बोनस ऑफर्स खरंच फायद्याची असतात का, याचं उत्तर त्यातच आहे.

या कंपनीबरोबरची ही आमची चौथी सफर. सोबत नणंद आणि तिचा नवरा, त्यांची पहिलीच. दोघींच्या केबिन एकाच प्रकारच्या, बाल्कनीवाल्या, मध्ये फक्त तीन दारं. आम्ही कंपनीच्या साइटवरून ‘ऑफर’चं भाडं भरलं: ड्रिंक्स पॅकेज फुकट, वायफाय फुकट, वर १०० डॉलर क्रेडिट. मागच्या सफरीत जहाजावरच पुढचं बुकिंग केलं होतं त्याचे ५०, जुने सभासद म्हणून २५. एकूण १७५. नणंदेनं एजंटकडून साधं, काहीही न जोडलेलं भाडं घेतलं. ते आमच्यापेक्षा केबिनमागे ४२० डॉलरनं कमी होतं. एजंटनं स्वतःकडून तिला १५० डॉलर क्रेडिट दिलं. निघताना मला वाटत होतं की बिचारीला ऑफरमधलं काही कळलेलं नाही.

जहाजावरचं क्रेडिट दोन जातींचं असतं आणि हा फरक बुकिंगच्या कागदावर फार बारीक अक्षरात असतो. एक नॉन-रिफंडेबल: सफर संपेपर्यंत खर्च करा, नाहीतर गेलं. दुसरं रिफंडेबल: उरलेलं कार्डावर परत येतं. ऑफरमधलं आणि सभासदत्वाचं क्रेडिट बहुतेक वेळा पहिल्या जातीचं. आमचे १७५ च्या १७५ तसलेच. एजंटकडून मिळणारं काही वेळा दुसऱ्या जातीचं असतं, नणंदेचं तसं होतं. बुकिंग करतानाच विचारून घ्या आणि उत्तर लेखी घ्या. दुसरं म्हणजे क्रेडिट केबिनच्या नावावर आहे की माणसाच्या, तेही बघा. आमचे २५ माझ्या खात्यावर होते आणि केबिनचा खर्च नवऱ्याच्या कार्डावर पडत होता. रिसेप्शनवर सांगितल्यावर त्यांनी दोन मिनिटांत ते हलवले, पण सांगितलं नसतं तर माझ्या खात्यावर तसेच पडून राहिले असते.

माझी खरी चूक मात्र वेगळी होती. रोजच्या टिप्स मी निघण्याआधीच भरून टाकल्या.

बहुतेक मोठ्या कंपन्या माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर टिप आपोआप खात्यावर लावतात. आमच्या जहाजावर १७ होती, म्हणजे दोघांचे सात दिवसांचे २३८. ‘आधी भरा, दर वाढला तरी तुम्हाला जुनाच,’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो चुकीचा नाही. पण हातात नॉन-रिफंडेबल क्रेडिट असेल तर त्याला खायला सगळ्यात चांगला घास म्हणजे ही टिप. ती तशीही द्यायचीच असते, आणि क्रेडिट तिच्यात आपसूक मुरतं. मी तो घास आधीच काढून घेतला आणि मग १७५ डॉलर कुठे जिरवायचे म्हणून आठवडाभर फिरले. नणंदेनं आधी काहीच भरलं नव्हतं. तिच्या २३८ मधून १५० आपोआप वळते झाले, तिनं ८८ भरले, विषय संपला.

आता वाटेतल्या ठिकाणांचं सांगते, कारण क्रेडिट कुठे चालतं आणि कुठे नाही हे तिथेच लक्षात येतं.

तिसऱ्या दिवशी जुनो. दिवसाला जास्तीत जास्त पाच मोठी जहाजं, असा शहर आणि क्रूझ कंपन्यांमधला करार २०२४ पासून लागू आहे, तरीही धक्क्यावर जत्रा असतेच. मेंडेनहॉल हिमनदी गावापासून वीसेक किलोमीटर. धक्क्यावरच शटलची तिकिटं मिळतात, जहाजाच्या सहलीपेक्षा बरीच स्वस्त. पण जमिनीवर जहाजाचं क्रेडिट चालत नाही, तिथे आपलं कार्ड. हिमनदीसमोरचं पर्यटक केंद्र १९६२ मध्ये उघडलं. तेव्हा बर्फाची भिंत बरीच जवळ होती, आता मध्ये मोठं तळं आहे. येताना नणंद म्हणाली, ‘वहिनी, वायफाय कुठे मिळेल?’ धक्क्याजवळच्या पार्किंगच्या इमारतीत वरच्या मजल्यावर सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे गेलो. अर्धी गर्दी जहाजांवरच्या कर्मचाऱ्यांची होती, सगळे घरी व्हिडिओ कॉल करत होते. तिनं तासाभरात आठवड्याचे फोटो पाठवले. माझं ‘फुकट’ वायफाय जहाजावर एका फोनला मिळालं होतं आणि ते आम्ही आळीपाळीनं वापरत होतो.

चौथ्या दिवशी स्कॅगवे. इथली व्हाइट पासची छोटी रेल्वे सोन्याच्या शोधात आलेल्यांच्या काळात, १८९८ ते १९०० मध्ये बांधली. ३२ किलोमीटरमध्ये ती जवळजवळ ९०० मीटर चढते, आणि डब्याबाहेरच्या फळीवर उभं राहिलं की पोटात गोळा येतो. हे चुकवू नका. तिकिटं मी रेल्वेकडून थेट काढली होती, जहाजाचा दर माणशी तीसेक डॉलर जास्त होता म्हणून. एरवी मी हेच सांगेन. पण मरणाऱ्या क्रेडिटनं हिशोब उलटा होतो. दोघांचे साठ डॉलर जास्त गेले असते, पण तिकिटाचे बरेचसे पैसे क्रेडिटमधून निघाले असते आणि माझ्या कार्डावरचा तेवढा खर्च वाचला असता. त्याऐवजी मी रेल्वेला पदरचे पैसे दिले आणि क्रेडिटमधून जॅकेट घेतलं. तेव्हा बाहेरची सहल स्वस्त म्हणून आधीच बुक करण्यापूर्वी तुमच्याकडे कुठल्या जातीचं क्रेडिट किती आहे ते बघा. मात्र सहल क्रेडिटवर घ्यायची असेल तर ती जहाजावर चढल्यावर घ्यावी लागेल की आधीच घेता येईल, हे कंपनीला विचारा. काही सहली चढेपर्यंत भरून जातात.

पाचवा दिवस एंडिकॉट आर्म नावाची खाडी, तिथली डॉझ हिमनदी. यावर लिहीत नाही. पहाटे उठा, जाड मोजे घाला आणि पुढच्या डेकवर जा.

त्याच दुपारी जुन्या सभासदांची पार्टी होती. कॅप्टनचं भाषण, एक ग्लास शॅम्पेन, आणि त्या सफरीत सर्वांत जास्त रात्री काढलेल्या जोडप्याचा सत्कार. आजींच्या कोटावर बिल्ल्यांची रांग. टाळ्या वाजवताना माझ्या मनात हिशोब चालू होता. रॉयल कॅरिबियन कंपनीत सभासदाला रात्रीला एक गुण, स्वीटमध्ये (मोठ्या, महाग केबिनमध्ये) दोन. रोज चार पेयं फुकट मिळणारी सभासदत्वाची डायमंड पायरी ८० गुणांना येते, म्हणजे आठवड्याच्या अकरा-बारा सफरी. सगळ्यात वरची पिनॅकल ७०० गुणांना. प्रिन्सेस कंपनीत एलिट पायरी गाठायला १५ सफरी किंवा १५० दिवस पूर्ण व्हावे लागतात, मग कपडे धुऊन मिळतात. (हसू नका. अलास्कात थरावर थर घालून फिरल्यावर फुकट लाँड्रीइतकं सुख कशातच नाही. आमच्या पायरीला ती नव्हती, म्हणून क्रेडिटमधले ३० डॉलर एका पिशवीवर गेले. कपडे पिशवीत मावतील तेवढे. नवऱ्यानं घड्या न घालता गुंडाळ्या करून एकोणीस कपडे बसवले आणि त्याचा त्याला जॅकेटपेक्षा जास्त अभिमान आहे.)

खालच्या दोन पायऱ्यांवर मिळतं ते म्हणजे बिल्ला, पाण्याची बाटली आणि दुकानात थोडी सूट. त्यासाठी एकाच कंपनीला चिकटून राहावं असं त्यात काही नाही. शिवाय नियम कंपनीच्या हातात असतात. कार्निव्हलनं २०२५ मध्ये जाहीर केलं की जून २०२६ पासून त्यांची योजना प्रवासाच्या दिवसांऐवजी खर्चावर चालेल. वर्षानुवर्षं स्वस्त केबिनमधून दिवस गोळा करणाऱ्यांना ते किती झोंबलं असेल ते सांगायला नको. उलट एमएससीसारखी कंपनी दुसरीकडचा दर्जा बघून आपल्याकडे तसाच दर्जा देते, म्हणजे निष्ठा मोडणाऱ्यालाच बक्षीस. तसा अर्ज करायचा तर बुकिंगच्या आधी करा.

पार्टीच्या दाराबाहेरच पुढच्या सफरीच्या बुकिंगचं टेबल होतं. तिथली मुलगी गोड बोलत होती. आज डिपॉझिट भरा, १०० डॉलर क्रेडिट. हे वाईट नसतं, पण दोन प्रश्न विचारल्याशिवाय कार्ड काढू नका. डिपॉझिट परत मिळतं का? रॉयल कॅरिबियनमध्ये नॉन-रिफंडेबल डिपॉझिट भरून नंतर तारीख किंवा जहाज बदललं तर माणशी १०० डॉलर कापतात, दोघांचे दोनशे झाले की क्रेडिट गेलंच. आणि बुकिंग नंतर आपल्या एजंटकडे हलवता येतं का? बहुतेक ठिकाणी ठरावीक दिवसांत येतं, मग एजंटचं क्रेडिटही वर मिळू शकतं.

केचिकानला पाऊस होता. तिथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, तेव्हा तो नसता तर नवल. खांबांवर उभी असलेली क्रीक स्ट्रीट छत्रीतून बघितली.

आणि मग व्हिक्टोरिया, जिच्यामुळे माझं गणित चुकलं. परदेशी झेंड्याच्या, म्हणजे दुसऱ्या देशात नोंदलेल्या जहाजाला अमेरिकेच्या बंदरातून निघून अमेरिकेतच परतायचं असेल तर मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं. १८८६ च्या कायद्याची ही शेपटी. म्हणून सिएटलची जहाजं शेवटच्या संध्याकाळी काही तास कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. आणि बंदरात जहाज लागलं की जहाजावरची दुकानं बंद. मी शेवटच्या रात्री निवांत बघू म्हणून ६३ डॉलर ठेवले होते. शेवटची रात्र खरेदीच्या दृष्टीनं संध्याकाळी सहालाच संपली. (बाकीचे ८२ आधी वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये गेले होते. जेवण ठीक होतं. रोजच्या डायनिंग हॉलमधला वाढपी जास्त प्रेमळ होता.) तेव्हा खात्याचा हिशोब टीव्हीवर किंवा अॅपवर रोज बघा, आणि क्रेडिट शेवटच्या दिवसाच्या आदल्या रात्रीपर्यंत संपवा.

सिएटलला सामानाची वाट बघत बसलो असताना नणंदेनं बिल काढलं, मीही काढलं. माझ्या बुकिंगच्या बिलावर एक ओळ होती: पेयांच्या पॅकेजवरची टिप, २५२ डॉलर. पॅकेज फुकट, पण त्याच्या छापील किमतीवर, म्हणजे माणशी दिवसाला १०० डॉलरवर, १८ टक्के टिप द्यायची. ती बुकिंगच्या वेळी भाड्याबरोबर गेली होती, मी विसरूनही गेले होते. म्हणजे ऑफरचं जादा भाडं ४२० आणि ही २५२, एकूण ६७२. बदल्यात काय मिळालं? आम्ही दोघांत मिळून रोज सरासरी तीन पेयं घेतली, टिपसकट ११ डॉलर ८० सेंट धरले तर आठवड्याचे २४८. एका फोनचं वायफाय दिवसाला २० प्रमाणे १४०. क्रेडिट १००. झाले ४८८. १८४ डॉलर खड्ड्यात, आणि त्यात जॅकेट पूर्ण किमतीला धरलंय. रोज दोघांत सहा पेयं झाली असती तर ऑफर वसूल होती. तशी माणसं भरपूर असतात, त्यांनी ती जरूर घ्यावी. नणंद काही बोलली नाही. फक्त म्हणाली, ‘वहिनी, तुमचं फुकट आम्हाला नसतं परवडलं.’

म्हणून बुकिंग करताना दोन्ही भाडी टॅक्स, बंदर शुल्क आणि सगळ्या टिप्स धरून शेवटच्या आकड्यापर्यंत न्या, मगच तुलना करा. शेवटचा हप्ता भरण्याआधी भाडं उतरलं तर कमी दर मागता येतो, पण त्यात जुन्या ऑफरचं क्रेडिट बहुतेक वेळा जातं, तेव्हा उतरलेली रक्कम क्रेडिटपेक्षा मोठी आहे का ते बघून मगच फोन करा. कार्निव्हल, रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियन या तीन समूहांपैकी ज्याच्या जहाजावर जाताय त्याचे निदान १०० शेअर तुमच्याकडे असतील तर आठवड्याच्या सफरीला केबिनमागे १०० डॉलर क्रेडिट मागता येतं. ते आपोआप येत नाही, शेअर असल्याचा कागद पाठवून अर्ज करावा लागतो. फक्त यासाठी शेअर घेणं मात्र शहाणपणाचं नाही, भाव पडला तर त्या शेअरवर शंभर डॉलरपेक्षा जास्त सहज जाऊ शकतात.

परत आल्यावर दोन आठवड्यांत कंपनीची मेल आली: महिनाअखेरपर्यंत बुकिंग केलं तर दुप्पट गुण. नवऱ्यानं ती मला दाखवली, मी ती नणंदेला पाठवली, तिनं एजंटला. चौघांचं बुकिंग सप्टेंबरचं झालं, साध्या भाड्यात, एजंटच्या रिफंडेबल क्रेडिटसह. दुप्पट गुण मिळतीलच. टिप्स या वेळी आधी भरलेल्या नाहीत.