२७० ग्रॅमची रॅकेट: हातात हलकी, पण चेंडू आल्यावर?

खेळाच्या दुकानात टेनिसची रॅकेट निवडण्याची आपली पद्धत ठरलेली आहे. भिंतीवरची काढायची, मनगटाने दोनदा हवेत झटकायची आणि "ही हलकी आहे, हीच द्या" म्हणायचं. बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी किंवा चाळिशीत पहिल्यांदा कोर्टवर उतरणाऱ्या माणसासाठी हा निर्णय अगदीच चुकीचा असतो असं नाही. पण दुकानात हवेत झटकताना समोरून ५७-५८ ग्रॅमचा चेंडू येत नसतो. हलक्या रॅकेटचे गुण पहिल्या दहा मिनिटांत कळतात. दोष कळायला पलीकडे जोरात मारणारा कुणीतरी लागतो.

आधी आकड्यांचा घोळ मिटवू. मोठ्यांच्या २७ इंची रॅकेटमध्ये साधारण २५५ ते २८५ ग्रॅमच्या फ्रेमला हलकी म्हणतात. बबोलात प्युअर ड्राइव्ह लाइट २७० ग्रॅमची, त्याच घराण्यातली टीम २८५ ची, आणि नुसती प्युअर ड्राइव्ह ३०० ची. योनेक्स ईझोन १०० एल २८५ ची. हे छापील वजन गटिंगशिवायचं, म्हणजे तारा भरण्याआधीचं असतं. तारा साधारण १६ ग्रॅम, मुठीवर गुंडाळायची पातळ पट्टी, म्हणजे एक ओव्हरग्रिप, ५ ग्रॅम आणि तारांत अडकवायचं रबर दोनेक ग्रॅम धरलं, तर २७० ची रॅकेट कोर्टवर जाते तेव्हा २९३ ग्रॅमची असते. बॅडमिंटन सोडून टेनिसकडे आलेल्या मुलांच्या हातात आधी ८०-९० ग्रॅमची रॅकेट असते. त्यांना २७० पण लोखंडी वाटते आणि ती मनगटाने चेंडू उडवायला बघतात. या मुलांना आणखी हलकी रॅकेट देणं म्हणजे त्याच सवयीला खतपाणी घालणं.

वजनाइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व वजन कुठे आहे याला. रॅकेट पट्टीच्या धारेवर आडवी तोलून धरा. ज्या बिंदूवर ती स्थिर राहते तिथपासून मुठीच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. तो तिचा तोल. २७ इंच म्हणजे साधारण ६८.५ सेंटिमीटर, त्यामुळे मध्य ३४.२५ वर येतो. २७० ग्रॅमच्या फ्रेमचा तोल गटिंगशिवाय ३३ वर असेल तर तारा भरल्यावर तो ३४ वर सरकतो आणि ओव्हरग्रिप गुंडाळल्यावर पुन्हा ३३.६ वर येतो. वजन जितकं कमी, तितका तोल कंपन्या डोक्याकडे नेतात, कारण तसं केलं नाही तर चेंडूला मारायला समोर काही उरतच नाही. हेड टीआय एस६ हे जुनं उदाहरण घ्या. फ्रेम सव्वादोनशे ग्रॅमची, डोकं ११५ चौरस इंचांचं, लांबी पाऊण इंच जास्त आणि तोल पार वर. हातात पीस, पण फिरवायला ३०० ग्रॅमच्या फ्रेमइतकीच जड. सर्व्हिस बॉक्सच्या आसपास डबल्स खेळणाऱ्या ज्येष्ठांना ती मानवते. लांब स्विंग शिकणाऱ्या मुलाला नाही.

फिरवताना जाणवणाऱ्या या जडपणाला स्विंगवेट म्हणतात. ते किलोग्रॅम-वर्ग सेंटिमीटरमध्ये मोजतात, अक्ष मुठीच्या टोकापासून १० सेंटिमीटरवर धरून. तारा भरलेल्या हलक्या रॅकेटचं स्विंगवेट बहुधा २९० ते ३०५ असतं, ३०० ग्रॅमच्या फ्रेमचं ३१५ ते ३२५. यंत्र नसेल तरी घरी काढता येतं. सायकलचा एक आरा रॅकेटच्या मुठीच्या अगदी टोकाला आडवा, चिकटपट्टीने घट्ट बांधा. दोन खुर्च्यांच्या मध्ये आऱ्याची टोकं टेकवून रॅकेट लोंबकळू द्या. थोडंसंच ढकला आणि वीस पूर्ण हेलकाव्यांचा वेळ घ्या. त्याला वीसने भागलं की एका हेलकाव्याचे सेकंद मिळतात. आता २४.८५ गुणिले वजन किलोत, गुणिले तोल सेंटिमीटरमध्ये, गुणिले सेकंदांचा वर्ग. येईल त्यातून वजन गुणिले (तोलाची वीसपट वजा १००) वजा करा. उदाहरणार्थ ०.२९० किलो, तोल ३३.६ आणि हेलकावा १.३८ सेकंदांचा असेल तर पहिला आकडा ४६१ येतो, वजा करायचा १६६, म्हणजे स्विंगवेट २९५. वेळेत एक टक्का चूक झाली तर उत्तरात नऊएक अंकांचा फरक पडतो, म्हणून तीनदा मोजून सरासरी घ्या. खटाटोप वाटेल, पण एकाच मॉडेलच्या दोन रॅकेट घेताना त्या खरोखर सारख्या आहेत का हे याशिवाय कळत नाही. आणि बऱ्याचदा त्या सारख्या नसतात.

आता कोर्टवर. फोरहँडला हलकी रॅकेट खरंच मदत करते. डोकं चेंडूच्या खाली नेऊन वर घासत आणणं, म्हणजे टॉपस्पिनचा, चेंडूला पुढे गरगरवणाऱ्या फिरकीचा, सगळा पाया, जड रॅकेटने शिकताना मूल अर्ध्या वाटेत थांबतं. हलकीने स्विंग पूर्ण होतो आणि खांद्यावरून मागे जातो. मारायला उशीर झाला तरी सावरून घेता येतं. आणि नेमकी इथेच गोम आहे. हलकी रॅकेट नुसत्या दंडाच्या जोरावर ओढता येते, त्यामुळे खांदे वळवले नाहीत तरी चेंडू पलीकडे जातो. सर शंभरदा "वळ, वळ" म्हणतात आणि मुलाला कळत नाही का वळायचं, कारण न वळताही काम भागतं. यावर सोपा इलाज आहे. डावा हात रॅकेटच्या गळ्यावर ठेवायचा आणि खांदे जाळीला काटकोनात येईपर्यंत सोडायचा नाही. रोज सुरुवातीचे वीस चेंडू असेच.

सर्व्हिसला हलकेपणा सोयीचा. खांदा लवकर थकत नाही, डोक्याचा वेग मिळतो. फक्त वजन घटवल्याच्या प्रमाणात वेग वाढेल ही अपेक्षा नको. हातालाही स्वतःचं वजन असतंच की.

खरी परीक्षा सर्व्हिस परतवताना, म्हणजे रिटर्नला, आणि व्हॉलीवर, म्हणजे टप्पा पडण्याआधीच चेंडू घेताना होते. तिथे स्विंग नसतो, रॅकेट जवळपास उभी असते आणि येणारा चेंडूच तिला मागे ढकलतो. हलकी फ्रेम जास्त ढकलली जाते, म्हणजे चेंडूचा जोर परत चेंडूला मिळण्याऐवजी हातात जिरतो. परतलेला चेंडू सर्व्हिस लाइनच्या आत लुळा पडतो. मग मूल काय करतं? व्हॉलीला स्विंग करायला लागतं आणि चार चेंडू जाळीत, दोन कुंपणाला. उपाय स्विंग वाढवण्यात नाही. चेंडू शरीराच्या एक हात पुढे घ्यायचा, पाऊल टाकत घ्यायचा आणि फक्त भिडण्याच्या क्षणी मूठ आवळायची. स्लाइसचंही, म्हणजे चेंडूला खालून कापत मारायच्या फटक्याचंही, तेच. हलक्या रॅकेटचा स्लाइस तरंगतो, कारण फ्रेम चेंडूला कापत पुढे जाण्याऐवजी त्याच्यापुढे नमते.

आणखी एक त्रास म्हणजे वळण. चेंडू मध्यापासून तीन-चार सेंटिमीटर बाजूला लागला की रॅकेट मुठीत फिरते. शिकणाऱ्याचे निम्मे चेंडू असेच लागतात, यात लाज नाही. रुंद डोकं हे फिरणं थोपवतं, म्हणून हलकी घ्यायची असेल तर १०० ते १०५ चौरस इंच हवेत. ९८ चौरस इंची २७० ग्रॅम ही शिकणाऱ्यासाठी सर्वांत निरुपयोगी जोडी, कितीही देखणी असली तरी.

रॅकेट मुठीत फिरू नये म्हणून मूल ती आवळून धरतं आणि तिथून कोपराचं दुखणं सुरू होतं. हलकी रॅकेट म्हणजे हाताला सुखाची, हा समज म्हणूनच अर्धाच खरा आहे. धक्का फ्रेमने नाही घेतला तर तो कोपराकडे येतो. फ्रेम ताठ असेल तर आणखी. ताठपणाचा आकडा बऱ्याच कंपन्या छापत नाहीत, पण तो जितका मोठा तितकी फ्रेम ताठ. प्युअर ड्राइव्ह धाटणीच्या फ्रेम ७० च्या आसपास असतात आणि विल्सन क्लॅश ५५ च्या. तारांत अडकवलेल्या रबराने फक्त आवाज बदलतो, धक्का नाही. ग्रिपही तपासा. रॅकेट खेळायच्या पकडीत धरल्यावर अनामिका आणि तळव्याच्या फुगवट्यात दुसऱ्या हाताचं एक बोट मावायला हवं. मावत नसेल तर ग्रिप बारीक आहे. एका ओव्हरग्रिपने जाडी साधारण अर्धा आकडा वाढते.

गटिंग हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. टीव्हीवरचे खेळाडू पॉलिएस्टर वापरतात म्हणून चौदा वर्षांच्या मुलाच्या २७० ग्रॅमच्या रॅकेटला ५८ पाउंडांच्या ताणावर पॉलिएस्टर भरून घेणारे पालक दिसतात, तेव्हा त्या कोपराची दया येते. ती तार ताठ असते, न खेळताही सैल पडते, आणि तिचा फायदा मिळायला जो स्विंगचा वेग लागतो तो अजून आलेला नसतो. बारीक धाग्यांची मऊ मल्टिफिलामेंट तार १.२५ किंवा १.३० मिलिमीटरची, नाहीतर साधी नायलॉनची सिंथेटिक गट, ५० ते ५२ पाउंडांवर. चेंडू सतत छोटे पडत असतील तर पुढच्या वेळी दोन पाउंड कमी करा, बाहेर जात असतील तर दोन वाढवा. एका वेळी दोनच. आठवड्यात जितके दिवस खेळता, वर्षात तितक्यांदा गटिंग, हा जुना ठोकताळा मुलांसाठी पुरेसा आहे.

आपल्या नाशिकच्या हवेचा इथे संबंध येतो. डिसेंबर-जानेवारीत शेजारच्या निफाडचा पारा बातम्यांत असतो तेव्हा गंगापूर रोडवर सकाळी साडेसहाला चेंडूही गारठलेला असतो. तो कमी उसळतो, तारा ताठ होतात आणि हलकी रॅकेट आणखीच बिनजोर वाटते. त्या दोन महिन्यांसाठी दोन पाउंड कमी ठेवा आणि सराव शक्यतो आठनंतर. एप्रिल-मेमध्ये उलट. चेंडू उडतो आणि बंद गाडीत दुपारभर राहिलेल्या रॅकेटच्या तारा सैल पडतात. डिकी ही रॅकेट ठेवायची जागा नव्हे. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. उंचावरचे खास चेंडू १,२१९ मीटरच्या वर वापरतात, त्यामुळे इथे साधेच चालतात. पण स्पर्धेसाठी मुंबईला गेलेल्या मुलाला तिथल्या दाट, दमट हवेत आपले चेंडू दोन पावलं आधी पडताना दिसतात. तिथे जाळीच्या जरा जास्त वरून मारायला सांगा, रॅकेट बदलायला नको.

हलकी रॅकेट आधीच घेतली असेल तर ती टाकून देण्याची गरज नाही. शिशाची चिकटपट्टी ऑनलाइन मिळते. पाव इंच रुंदीच्या पट्टीचं वजन इंचाला साधारण पाव ग्रॅम, तरी काट्यावर तोलूनच घ्या. डोक्याच्या दोन्ही बाजूंना, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, आतल्या कडेला दोन-दोन ग्रॅम लावा. स्विंगवेट सातएक अंकांनी वाढतं आणि मुठीत फिरणंही कमी होतं. शेंड्याला, बाराच्या जागी, दोन ग्रॅममध्येच तेवढं स्विंगवेट वाढतं, पण फिरण्यावर काही फरक पडत नाही, म्हणून शिकणाऱ्यासाठी बाजूच बरी. डोकं जड वाटलं तर मुठीच्या ग्रिपखाली पाच ग्रॅम. अक्षाजवळ असल्याने स्विंगवेट तेवढंच राहतं, तोल मात्र हाताकडे येतो. लावण्याआधी फ्रेम स्पिरिटने पुसा, वरून डोक्याची संरक्षक पट्टी चिकटवा आणि हात धुवा, कारण शिसं विषारी आहे. घरात लहान मूल असेल तर टंगस्टनची पट्टी घ्या, महाग आहे पण निर्धोक. टायरवाल्याकडची चाकाची वजनं डोक्यावर चिकटवायचा उद्योग करू नका. दहाव्या सर्व्हिसला ती सुटतात आणि कुणाच्या तरी कपाळाकडे जातात.

लहानांबद्दल थोडक्यात. दहा वर्षांच्या आतल्या स्पर्धांत २०१२ पासून आंतरराष्ट्रीय नियमाने नेहमीचा पिवळा चेंडू चालत नाही. लाल, केशरी, हिरवा असा क्रम आहे आणि हिरवा पिवळ्यापेक्षा २५ टक्के मंद असतो. तोवर २३ किंवा २५ इंची पुरते, मग २६ इंची, जी २४०-२५० ग्रॅमची असते. घोटाळा पुढच्या पायरीवर होतो. "आता मोठा झाला, पुन्हा पुन्हा खर्च नको" म्हणत २६ इंचीवरून थेट ३०० ग्रॅम दिली जाते. लांबीत एक इंच आणि वजनात पन्नास ग्रॅम एकदम वाढले की स्विंग आखडतो, सर्व्हिसला कोपर खाली येतं. २६ इंचीनंतर २६०-२७०, वर्षा-दीड वर्षाने २८५, आणि ३०० चा विचार खांदे भरल्यावर.

पुढच्या वजनाकडे कधी जायचं हे वय सांगत नाही. खेळाच्या शेवटच्या अर्ध्या तासातही स्विंग पहिल्यासारखाच पूर्ण होतोय, नीट मधोमध घेतलेले रिटर्नसुद्धा छोटे पडतायत आणि तीन-नऊवर दोन-दोन ग्रॅम लावल्यावर खेळ सुधारला, बिघडला नाही, तर पंधरा ग्रॅम वाढवायला हरकत नाही. नवी रॅकेट आधी कुणाची तरी दोन दिवस मागून घ्या, शक्यतो आपल्यासारखीच तार असलेली, आणि फोरहँडवर नाही, तर क्लबातल्या सर्वांत जोरकस सर्व्हिससमोर आजमावा. जुनी २७० ची विकू नका. उंची झपाट्याने वाढायच्या वर्षात खांदा कुरकुरला किंवा आजारपणानंतर पहिला आठवडा असला, की तीच बाहेर काढायची, पट्ट्या सोलून.