भिंतीतलं भोक

परवा सुतारानं ड्रिल मशीन भिंतीला टेकवलं आणि घर्रर्र म्हणेस्तोवर भोक पडलंसुद्धा. मी खाली पडलेल्या चिमूटभर भुकटीकडे बघत राहिलो.

गावी आमची विहीर खणली तेव्हा कातळात सुरुंगाचं भोक हातानं पाडत. एक जण पहार उभी धरायचा, दुसरा तिच्यावर घण घालायचा. प्रत्येक घावानंतर धरणारा पहार किंचित फिरवायचा, नाहीतर ती रुतून बसते. पोरं म्हणून आम्ही बघायचो ते घणाकडेच. धरणाऱ्याच्या मनगटांकडे माझं लक्ष गेलं ते थेट थायलंडमध्ये, हेलफायर पासच्या खिंडीत.

त्या खिंडीच्या अलीकडे कांचनबुरी हे गाव लागतं. तिथे जाणारे बरेच जण क्वाय नदीवरच्या रेल्वे पुलावर फोटो काढतात आणि परततात. (पूल बघावाच, पण खरी रेल्वे पुढे आहे.) दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याची जहाजं रंगूनच्या वाटेवर पाणबुड्यांच्या तोंडी जाऊ लागली, म्हणून जमिनीवरून रसद न्यायला १९४२-४३ मध्ये बान पोंगपासून ब्रह्मदेशातल्या थानब्युझायतपर्यंत युद्धकैदी आणि मजूर राबवून ४१५ किलोमीटर रूळ टाकले गेले. ब्रिटिशांनी आधी इथली पाहणी केली होती आणि नाद सोडला होता.

खिंडीच्या कातळावर भोकांच्या खुणा अजून आहेत. उभ्या, अर्धगोल, अंगठा बसेल अशा. मी बसवून पाहिला. इथेही जोडी तीच, एक धरणारा, एक मारणारा. रोज किती खोल भोक पाडायचं याचं माप ठरलेलं, आणि ते वाढतच गेलं. पावसाळा, पोटात मूठभर भात, जुलाब, कॉलरा, आणि मागून पहारेकऱ्यांची ‘स्पीडो, स्पीडो’, म्हणजे लवकर आटपा, अशी ओरड. रात्री बांबू पेटवून काम चाले. त्या उजेडात हाडं निघालेली माणसं दिसत, म्हणून हे नरकाचं नाव.

साठ हजारांवर दोस्त राष्ट्रांचे युद्धकैदी राबले, बारा हजारांवर मेले. कांचनबुरीच्या दफनभूमीत नावांच्या ओळी वाचत फिरता येतं. पण मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून मजुरीच्या आशेनं आलेले किंवा धरून आणलेले तमिळ, शिवाय ब्रह्मी आणि जावाचे मजूर, हे मेले कैद्यांच्या कितीतरी पट. त्यांची नावं शोधत मी उगाच दोन फेऱ्या मारल्या.

‘‘साहेब, दुसरं कुठं मारू?’’ सुतारानं विचारलं. मी बोट दाखवलं. आता भुकटी पडू नये म्हणून त्यानं पोराला भोकाखाली कागद धरायला लावलं. पोरगं हात वर करून उभं राहिलं, डोळे गच्च मिटून.