कडी पोटावर आलीय

गेल्या महिन्यात ठाण्यात होते तेव्हा एका काकूंनी मी छापून विकायला ठेवलेला टी-शर्ट उलटा केला, आतली शिवण बघितली, छापावर नख घासलं, मांडवाबाहेर उन्हात नेऊन पुन्हा निरखला आणि म्हणाल्या, "अगं, ही कडी पोटावर आलीय. लोकलची कडी वर असते ना?"

एवढं एक वाक्य ऐकायला मला रेडिंगहून घोडबंदर रोडपर्यंत यावं लागलं. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय. (रेडिंग म्हणजे आमचं इंग्लंडमधलं गाव. आईच्या बिल्डिंगमध्ये मला अजून 'मीटर रीडिंगवाली' म्हणतात. दोष स्पेलिंगचा.)

बाबांचा नौपाड्यातला लग्नपत्रिकांचा छापखाना जुन्या वाचकांना माहीत आहे. स्क्रीन प्रिंटिंग मी शिकले असं म्हणणार नाही, ते अंगावर सांडत गेलं. लाकडी फ्रेमवर ताणलेली जाळी, अंधारात लावायचं इमल्शन (उजेडाने घट्ट होणारा लेप), मग उजेड दाखवून पाण्याने धुतलं की उघडी पडणारी अक्षरं. पत्रिका व्हॉट्सअॅपवर यायला लागल्या आणि बाबांनी शटर ओढलं. दोन वर्षांपूर्वी परत जाताना मी एक फ्रेम आणि एक स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, बॅगेत घालून नेली. आमच्या रेडिंगच्या घरामागे एक लाकडी खोपटं आहे, तिथे शनिवारी टी-शर्ट छापते. आठवड्याचे चार दिवस अकाउंट्सची नोकरी करते, हे मुद्दाम सांगते. का ते पुढे येईल.

डिझाइन दोन. पहिलं लोकलची कडी, उभ्याने धरायची ती तिकोनी, हाताला थंड लागणारी. दुसरं 'साहिब, सिंध, सुलतान', म्हणजे 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून 14 डबे ओढत ठाण्यात आलेली तीन इंजिनं. ठाणेकराने आणखी काय छापायचं?

पहिली जत्रा सप्टेंबरात, रेडिंगजवळच्या एका गावच्या हिरवळीवर. नियमांची पीडीएफ 11 पानी. मला विमा काढावा लागला. माझ्या टी-शर्टाचा नाही, माझ्या स्टॉलमुळे कोणाला काही झालं तर त्याचा. किती रकमेचा? 50 लाख पौंड. म्हणजे पन्नास कोटींच्या वर रुपये. टी-शर्ट अंगावर पडून माणूस कितीसा जखमी होणार? हप्ता वर्षाला पन्नासेक पौंडच होता, पण अर्ज भरताना मला आपण टी-शर्ट विकतोय की स्फोटकं, असं झालं. शिवाय प्रत्येक टी-शर्टाला कापड कशाचं आहे त्याचं लेबल हवं. तो तिथला कायदाच आहे. आणि तंबूच्या प्रत्येक पायाला 20 किलो वजन. चार पाय, 80 किलो. आम्ही पाण्याचे चार कॅन भरून नेले. आयोजक बाई सत्तरीच्या असतील, त्या हातात काटा घेऊन आल्या. खरोखरचा, आकडा लावून लटकवायचा, भंगारवाल्याकडे असतो तसा. एक कॅन 18.6 किलो निघाला. नवऱ्याने मराठीत जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. बाई मात्र हसून गेल्या आणि स्वतःच्या गाडीतून वाळूची पिशवी घेऊन आल्या, स्वतः वाकून पायाला बांधली. साडेबाराला वारा सुटला तेव्हा सगळ्या हिरवळीवर एकही तंबू हलला नाही. हे मान्य करायला जिवावर येतं, पण केलं.

माझं भांडण वजनांशी नाही. माझं भांडण 'लव्हली'शी आहे.

अकरा वाजल्यापासून लोक येत होते. स्टॉलपुढे थांबायचे, मान तिरकी करायचे, "ओ, लव्हली!" म्हणायचे आणि जायचे. टी-शर्टाला हात नाही, किंमत विचारणं नाही. पहिल्या दहा लव्हलींना मी फुलून आले. पंधराव्याला शंका आली. मग मी पाठकोऱ्या कागदावर उभ्या रेघा मारायला लागले, पाच झाल्या की आडवी. संध्याकाळपर्यंत 63 लव्हली. विक्री चार. आपल्याकडेही "छान आहे हं" म्हणून पुढे जाणाऱ्या बायका असतात, पण त्यांच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं असतं की घ्यायचं नाहीये. आपण मनात म्हणतो, जा बाई. इथला लव्हली डोळ्यांत बघून येतो. त्यात मेणबत्त्या लव्हली, हवा लव्हली, शेजारचा ओला कुत्रा लव्हली आणि माझी कडीही त्याच भावात लव्हली. एका बाईंनी सात मिनिटं उभं राहून कौतुक केलं आणि शेवटी विचारलं, हा कोट अडकवायचा हँगर आहे का? मी समजावलं, लोकल, गर्दी, उभं राहणं. "हाउ लव्हली," त्या म्हणाल्या. त्या गर्दीत लव्हली काय आहे, हे 8:14 ला डोंबिवलीहून चढून सांगावं.

अपवाद एकच. एक आजोबा आले, त्यांनी इंजिनाची चाकं मोजली, वाफेच्या इंजिनांबद्दल मला न कळणारं बरंच बोलले आणि दोन टी-शर्ट घेतले. आमचा ठाण्याचा इतिहास खपला तो त्यांना. उरलेले दोन कडीचे. 40 नेले होते, 36 परत आणले.

रात्री व्हिडिओ कॉलवर आई-बाबांना फोटो दाखवले. आई म्हणाली, किती गं थंडी तिथे. बाबा म्हणाले, "छान दिसतोय स्टॉल." पाठोपाठ फोन ठेवला.

डिसेंबरात ठाण्याला आले तेव्हा वहिनी म्हणाली, इकडेही लाव की. तिच्या मैत्रिणीच्या सोसायटीचं मैदानावर प्रदर्शन होतं, टेबलाचे दिवसाला 1500 रुपये. नियम व्हॉट्सअॅपवर तीन ओळींत: नऊला या, चहा मिळेल, भिंतीला खिळे ठोकू नका. रेडिंगहून वीस टी-शर्ट आणले होते. चाळीस नवे बाबांच्या जुन्या ओळखीच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात छापले. टी-शर्ट तिरुपूरचे, 180 जीएसएम (चौरस मीटरला 180 ग्रॅम कापड), बायोवॉश म्हणजे मऊ करायला खास धुतलेले, आणि खरं सांगायचं तर मी तिथे विकत घेते त्याहून मऊ. छाप कुठे बसवायचा त्या मापाचा पुठ्ठा माझाच वापरला. तो पुठ्ठा लक्षात ठेवा.

सकाळी मांडववाल्यांची चार पोरं आली. बांबू, सुतळी, वर कापड, पंधरा मिनिटांत आख्खी रांग उभी. वजन नाही, विमा नाही. सुतळीची गाठ मी हाताने ओढून बघितली आणि एक पोरगा म्हणाला, "ताई, गणपतीचे दहा दिवस टिकते ही." माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. मग ऊन चढलं आणि कळलं की वरचं कापड केशरी आहे. माझे सगळे पांढरे टी-शर्ट पीच दिसायला लागले, निळे शेवाळी. त्यात मेट्रोच्या कामाची धूळ. दर अर्ध्या तासाने टी-शर्ट झटकायचे, घडीच्या रेघेवर बोटाने धूळ निपटायची. इंग्लंडच्या हिरवळीवर धूळ नव्हती, हे मी तुमच्यापासून लपवत नाही.

पण लोक! लोकांनी हात लावला. ओढून बघितलं, वास घेतला, "रंग जातो का?", "मशीनमध्ये चालेल का?", "आटणार किती?" प्रत्येक तिसरं माणूस टी-शर्ट घेऊन मांडवाबाहेर उन्हात, "उजेडात बघू". पहिल्यांदा मला वाटलं पळवला. साडी घेताना मी स्वतः दुकानाच्या पायरीवर येते, पण सहा वर्षांत विसरले होते. कडीचा टी-शर्ट दिसला की कॉलेजची पोरं हात वर करून लटकायचा अभिनय करत होती. कोणालाही काही समजवावं लागलं नाही.

डाव्या बाजूला पुरणपोळी-मसाल्याच्या मावशी होत्या. अकराच्या सुमाराला गर्दी पातळ झाली तर त्यांनी आपल्या आवाजात हाक दिली, "या, लंडनचे टी-शर्ट!" मी म्हटलं, मावशी, लंडनचे नाहीत, वागळे इस्टेटचे आहेत. त्या म्हणाल्या, "तू आलीस ना तिकडून?" पहिल्या चार गिऱ्हाइकांना मी खरं सांगितलं. पाचव्याने विचारलंच नाही, मग मीही नाही सांगितलं. वीस तर खरोखर तिकडचेच होते की.

पैसे बाबांच्या खात्यावर, क्यूआर त्यांच्याच नावाचा. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत फोन हातात धरून बसले होते आणि प्रत्येक मेसेजला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "चारशे आले." किंमत 500 लावली होती. त्यांनी दिवसभरात एकदाही पाचशे आले म्हटलं नाही, यावरून काय ते समजा.

आणि तिघांनी, मोजून तिघांनी, आईला बाजूला घेऊन विचारलं, जावयाची नोकरी ठीक आहे ना? एवढं शिकून मुलगी टी-शर्ट विकते म्हणजे काय? तिथे एक्केचाळिसाव्या वर्षी मी स्टॉल लावला तर असं कोणी विचारलं नाही. एवढं नाक मुरडतेस तर राहतेस कशाला तिथे, असं दर लेखाखाली कोणीतरी लिहितंच. यासाठीही राहते. त्या 63 जणांनी निदान माझ्या नवऱ्याचा पगार काढला नाही.

मग त्या काकू आल्या. कडी पोटावर आलीय म्हणाल्या आणि माझा चेहरा पडलेला बघून टी-शर्ट स्वतःच्या कुर्त्यावर धरून दाखवला. खरंच की. कडी बेंबीवर लटकत होती. टेबलावर पसरलेल्या टी-शर्टाच्या मधोमध छाप बसवला की डोळ्याला बरोबर वाटतो, पण अंगावर चढला की तो खाली उतरतो. मी पुठ्ठा कापताना टी-शर्टाचा मध्य धरला होता, माणसाचा नाही. साठच्या साठ टी-शर्ट, शिवाय रेडिंगचे.

"गावदेवी मार्केटला दोनशेला मिळतो असा," काकू म्हणाल्या.

"काकू, हाताने छापलाय."

"म्हणून तर पोटावर आलाय. दोन घेतले तर?"

आठशेचे साडेसातशे झाले. मी विचारलं, चूक आहे तर घेताय कशाला? "घरी घालायला चालतील गं. कापड चांगलंय."

त्या गेल्यावर मी बाबांकडे वळले. मला इतकं भरून आलं होतं, की बघा, तिथे 63 माणसं बघून गेली आणि एकाने सांगितलं नाही, आणि इथे तीस सेकंदांत! हेच आपलं माणूस. बाबा फोनकडे बघत होते. "साडेसातशे आले," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मी सप्टेंबरातच बघितलं होतं. फोटोत."

"बाबा! मग बोललात का नाही?"

"इतक्या लांबून काय सांगायचं. तू खूष होतीस."

मावशी पुरणपोळ्यांवरच्या माश्या हाकलत होत्या, त्यासुद्धा थांबल्या.

बाबांनी मग खुर्ची पुढे ओढली, एक टी-शर्ट मांडीवर पसरला आणि कॉलरच्या खाली आपली चार बोटं आडवी ठेवली. "पत्रिकेत गणपतीच्या वर दोन सोडायची. इथे चार." पाठोपाठ, मला ऐकू जाईल न जाईल असं, "वागळेला छापायच्या आधी मला एक आणून दाखवला असतास तर." दाखवला नव्हता. का नाही दाखवला, याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

दिवसाअखेर 38 गेले. रात्री वहिनीने वहीत नावं काढली तर त्यातले 17 आईच्या नाहीतर दादाच्या ओळखीतले. म्हणून ते धरायचे नाहीत असं दादाचं म्हणणं. ओळखीचा माणूसही पैसे स्वतःच्याच खिशातून काढतो, असं माझं. यावर जेवण होईपर्यंत वाद झाला.

रेडिंगला परत आल्यावर पहिलं काम केलं ते फळीवर चिकटपट्टी लावायचं. कॉलर इथे, छाप इथून सुरू. माझी चार बोटं ठेवली तर साडेसहा सेंटिमीटर भरली. शंका आली म्हणून ठाण्याला व्हिडिओ कॉल लावला, बाबांनी आईची शिवणाची टेप आणून हातावर धरली. आठ. "अंगठा धरू नकोस त्यात," म्हणाले. चिकटपट्टी दीड सेंटिमीटर खाली सरकवली.

मेच्या जत्रेचा फॉर्म भरलाय. कॅन बाथरूममधल्या काट्यावर मोजून भरणार आहे, वीसला वीस. ठाण्यात उरलेले बावीस वहिनीकडे आहेत, ती तीनशेला काढतेय. इथल्या सोळांपैकी मोठ्या मापाचे पाच नवऱ्याने घेतले. घरी घालतो.