गार इंजिनाची गळती

वॉटर पंपाचे सील बदलून दिलेली मोटरसायकल पाचव्याच दिवशी परत आली आणि इंजिनाखाली पुन्हा तोच हिरवा थेंब दिसला, तेव्हा मला मनापासून वाईट वाटले. गाडी २५ वर्षे जुनी, चार सिलिंडरची होती आणि मालकाने ती जिवापाड जपलेली होती. त्यांनी रात्रभर गाडीखाली ठेवलेला पुठ्ठाच सोबत आणला होता. त्यावर रुपयाएवढा ओला डाग होता.

पहिल्या वेळी मी पंपावर बोट ठेवले, त्याला कारण होते. पंपाच्या दांड्यावर पाण्याच्या बाजूला एक आणि ऑइलच्या बाजूला दुसरे अशी दोन सील असतात, आणि त्यांच्या मधल्या जागेतून खाली एक बारीक छिद्र काढलेले असते. पाण्याचे सील झिजले की त्या छिद्रातून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे द्रव, ठिबकते, ऑइलचे झिजले की ऑइल येते. थेंब नेमका त्या छिद्राजवळ लोंबत होता, म्हणून मी पुढे काही तपासले नाही.

या वेळी मालक सहज बोलून गेले, "दादा, गाडी तापली की एक थेंबही पडत नाही. सकाळीच काय ते दिसतं." हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते. सांधा गळू नये म्हणून त्यात बसवलेली रबराची गोल कडी, म्हणजे ओ-रिंग, जुनी होऊन कडक झाली की तिची लवचीकता जाते; इंजिन गार असताना ती आकसलेली राहते आणि कडेने कूलंट झिरपते, पण इंजिन तापल्यावर ॲल्युमिनियमपेक्षा रबर कितीतरी अधिक फुगत असल्यामुळे तीच फट बुजते. शिवाय इंजिनाच्या तापलेल्या ब्लॉकवर (सिलिंडर असलेल्या मुख्य धातूच्या भागावर) आलेला ओलावा खाली पोहोचण्याआधीच उडून जातो. म्हणून मी गाडी रात्रभर ठेवून घेतली.

सकाळी पूर्ण गार इंजिनावर रेडिएटरचे झाकण काढून तिथे दाब टिकतो का ते दाखवणारा प्रेशर टेस्टर बसवला आणि झाकणावर लिहिलेल्या १.१ बारपर्यंत हवा भरली. (गरम इंजिनाचे झाकण उघडण्याचा मोह कोणीही करू नये, दाबाखालचे कूलंट उसळून चेहरा भाजतो.) काटा हळूहळू खाली सरकू लागला. पंपाचे छिद्र मात्र कोरडे होते. टाकी आणि कार्ब्युरेटर उतरवून बॅटरीच्या उजेडात सिलिंडरच्या मागे पाहिले, तर पंपाकडून आलेला धातूचा पाइप ब्लॉकला जिथे दोन बोल्टांनी जोडलेला असतो, तिथे पांढुरका-हिरवा खरपुडा साचला होता. त्यावर टिश्यू पेपर टेकवताच तो भिजला. तिथून निघालेले कूलंट पाइपाच्या पोटावरून सरकत थेट पंपाच्या झाकणावर उतरत होते आणि छिद्राजवळच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यातून पडत होते.

पाइप काढला. आतली ओ-रिंग गोल राहिलीच नव्हती. दाबून दाबून ती चौकोनी झाली होती आणि नखाने वाकवताच तिचा तुकडा पडला. खरे कष्ट त्यापुढे होते, कारण ज्या खाचेत ती बसते, त्या ॲल्युमिनियमला गंजाचे बारीक खड्डे पडले होते आणि तशा जागेवर नवी ओ-रिंग बसवली असती, तर काही आठवड्यांत पुन्हा गळती लागली असती. वर्षानुवर्षे कूलंट न बदलल्याचा, किंवा त्यात नळाचे पाणी घातल्याचा हा परिणाम असतो. धातू खरवडला जाऊ नये म्हणून मऊ घासणीने तासभर हलक्या हाताने खाच साफ केली. खड्डे उथळ निघाले, याचे मला फार समाधान वाटले. त्याच पाइपाच्या दुसऱ्या टोकाची ओ-रिंगही बदलली. गळती बुजवणारे औषध टाकून पाहण्याचे मालकांनी सुचवले होते, परंतु ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही साचते, म्हणून मी नकार दिला.

निम्मे डिस्टिल्ड वॉटर आणि निम्मे सिलिकेट नसलेले कूलंट भरले, अडकलेली हवा काढली आणि गाडी पुन्हा रात्रभर ठेवली. दुसऱ्या सकाळी टेस्टर लावला. १५ मिनिटे काटा जागचा हलला नाही आणि खालचा पुठ्ठा कोरडा होता. पंपाच्या कामाची मजुरी मी मालकांना परत केली.