४५ टक्के

“यात शिलाई किती टक्के गेली, डॉक्टरसाहेब?” उजव्या कोपराचा कोन मोजून डॉक्टरांनी दिव्यांग प्रमाणपत्रावर ४५ टक्के हा आकडा लिहिला, तेव्हा शिंपीकाम करणाऱ्या मामांनी एवढेच विचारले. डॉक्टर हसले, बाहेर रांग मोठी होती.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्के दिव्यांगत्वाची रेषा आहे आणि ती गाठली की सरकारी नोकरीतल्या ४ टक्के राखीव जागांचे दार, निदान कागदावर तरी, उघडते. पण मामांचा ४५ हा आकडा सांध्याचा आहे, कामाचा नाही. मामा आता कापड बेतू शकतील का, काजे करू शकतील का, हे त्या खोलीत कोणी पाहिले नाही आणि पुढे रोजगार केंद्रात जा, असेही कोणी सांगितले नाही.

घरी येऊन मामांनी डाव्या हातात कात्री धरून पाहिली. ती उजव्या हाताची होती. हे कोणत्या रकान्यात लिहायचे?